रॅकच्या खोलीत झाडू ठेवू नका

एप्रिल महिन्यात मार्केट यार्डातल्या एका पेढीवरून फोन आला. "नेट सारखं जातंय ओ. दुपारी बारानंतर तर चालतच नाही. येताना नवीन स्विच घेऊनच या." गेलो. जिन्याखाली फळ्यांचं एक दार होतं. त्याची कडी काढली तर आधी झाडू अंगावर पडला. मागोमाग गणपतीच्या मखराचा थर्माकोल, जुन्या चोपड्यांची दोन गाठोडी, फिनेलचा कॅन, आणि सगळ्याच्या मागे भिंतीत ठोकलेल्या दोन खिळ्यांवर लोंबणारा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा. हात लावला तर चटका बसला. खाली उतरवून झाकण उघडलं. आतल्या पंख्याच्या पात्यांवर हळदीची भुकटी बसून बसून थर जमला होता. नखानं खरवडला तर अख्खा पापुद्रा निघाला, नमद्यासारखा.

स्विच बिघडलेला नव्हता. पंखा साफ केला, स्विच बाहेर टेबलावर मांडला आणि शेठजींना म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघा. दुपारभर नेट एकदाही गेलं नाही. तरीही त्यांचा प्रश्न होताच, "मग नवीन कधी आणताय?" नवीन आणला असता तर तोही पुढच्या उन्हाळ्यात असाच भाजला असता, हे पटवायला दोन चहा लागले.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात मी बरीच वर्षं केबल ओढायचं काम करतोय. बंद पडलेली जी उपकरणं माझ्या हाताखालून जातात, त्यातली फार थोडी आपल्या मरणानं मेलेली असतात. उरलेली उष्णता, ओल, धूळ, उंदीर आणि कच्चं अर्थिंग यांनी मारलेली. ही पाचही कारणं खोलीची आहेत.

तर ही खोली म्हणजे काय? इमारतीतल्या प्रत्येक टेबलापासून, प्रत्येक कॅमेऱ्यापासून निघालेली नेटवर्कची वायर जिथं येऊन संपते ती जागा. एसटी स्टँडसारखंच आहे हे. सगळ्या गाड्या इथंच येणार आणि इथूनच सुटणार. बाहेरून आलेली फायबर (काचेच्या बारीक तारेची केबल), ती उतरवणारा डबा, राऊटर, स्विच, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डर, यूपीएस असं सगळं इथं एका लोखंडी रॅकमध्ये बसतं. याला सगळे 'सर्व्हर रूम' म्हणतात. दहातल्या आठ ठिकाणी आत सर्व्हर नसतो, पण म्हणतात.

जागा

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायची जुनी पद्धत. जुनी माणसं सांगतात, हळद कितीही चांगली असू दे, पेव ओलं असेल तर माल गेला. म्हणून आधी जमीन बघायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी पेवं खराब झाली, म्हणजे निवडलेली जमीनही शेवटी नदीच्या हिशेबातच होती.

रॅकची जागा निवडताना मीही पहिल्यांदा पाण्याचंच विचारतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा मारुती चौक, हरभट रोड भागात तळमजले बुडाले. एका दवाखान्यानं रॅक मुद्दाम जमिनीपासून तीन फूट उंच लावला होता, २००५ चा अनुभव होता म्हणून. उपयोग झाला नाही. पाणी ओसरल्यावर मी तो उघडला तेव्हा प्रत्येक पोर्टमध्ये, म्हणजे वायर खोचायच्या खाचेत, बोटानं लिंपल्यासारखा गाळ होता. स्विच गेला ते गेलाच. खरी गंमत केबलची झाली. वरून चिखल पुसला की ती नव्यासारखी दिसत होती. तिथल्या माणसांनी तीच ठेवायचा हट्ट धरला. दोन महिन्यांनी एकेक पॉइंट बंद पडायला लागला. एक केबल पाण्याच्या खुणेच्याही वर फूटभर कापली, तर आतून थेंब गळला. वायरींच्या मधल्या बारीक पोकळीतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं, आणि मग तांबं हिरवं पडत जातं.

म्हणून पुराच्या पट्ट्यात असाल तर रॅक पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर फक्त टेबलापाशी जाणाऱ्या वायरी उतरू द्या, त्याही वरून. नदी लांब असेल त्यांनीही डोक्यावर काय आहे ते बघावं. वरच्या मजल्यावरचं संडास-बाथरूम, गच्चीवरची टाकी, पन्हाळाचा पाईप, यातलं काहीही बरोबर वर असेल तर ती जागा नको. एसीचा आतला डबाही रॅकच्या माथ्यावर लावू नये, पावसाळ्यात तो हमखास ठिबकतो. बाहेरून आत येणारी प्रत्येक वायर भिंतीत शिरण्याआधी थोडी खाली झोका देऊन मग वर न्यावी. पावसाचं पाणी त्या झोक्याच्या तळाशी येऊन गळून जातं. झोका नसेल तर तेच पाणी वायरीवरून चालत रॅकमध्ये येतं.

आणखी एक मोजमाप. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या जोडवायरी धरायच्या, म्हणजे भिंतीतून जाणारी ९० मीटर. हे अंतर केबल ज्या वळणांनी जाते त्या वाटेनं मोजायचं, नजरेनं नाही. त्यामुळे खोली इमारतीच्या साधारण मधोमध असली की बरं.

ऊब

विजेवर चालणारं कुठलंही यंत्र जेवढी वीज खातं, जवळजवळ तेवढीच शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. कॅमेऱ्यांना वायरीतूनच वीज देणारा २४ पोर्टांचा स्विच, रेकॉर्डर, राऊटर, फायबरचा डबा आणि यूपीएसची स्वतःची घट असं सगळं मिळून मध्यम ऑफिसच्या रॅकमध्ये दीडशे ते दोनशे वॉटची ऊब धरायला हरकत नाही. कॅमेऱ्यांकडे गेलेली वीज यात नाही, ती तिकडेच तापते.

दोनशे वॉट ऐकायला किरकोळ वाटतं. पण पोल्ट्रीवाले एक दिवसाच्या पिलांना ऊब द्यायला काय लावतात? १०० वॉटचे पिवळे बल्ब. तसले दोन बल्ब कपाटात लावून कपाट बंद करा, रात्रंदिवस, वर्षभर. जिन्याखाली नेमकं हेच चाललेलं असतं.

लहान स्विचच्या कागदावर बऱ्याचदा ४० किंवा ४५ डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बाहेरचाच पारा चाळिशीला टेकतो. त्यात पत्र्याखालची खोली असेल तर बोलायलाच नको. आदर्श म्हणून १८ ते २७ डिग्री सांगतात. ते एसीशिवाय जमणार नाही आणि प्रत्येकाला परवडणारही नाही. पण बाहेरच्या हवेच्या जवळपास ठेवणं साध्या पंख्यानं जमतं.

दोनशे वॉटची ऊब काढून खोली बाहेरच्या हवेपेक्षा फार तर दहा डिग्री गरम ठेवायची असेल तर तासाला सुमारे ६० घनमीटर हवा हलवावी लागते. स्वयंपाकघरात लावतो तो ६ इंची एक्झॉस्ट पंखा याच्या कितीतरी पट हवा ओढतो. तो दाराच्या वर लावा. हवा आत यायला दाराच्या तळाशी जाळी ठेवा. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. हवा आत यायला वाटच नसेल तर पंखा नुसता घुमतो. आत येणारी हवा कुठली हेही बघायचं. पंखा खोलीला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, त्यामुळे जाळी सावलीतल्या पॅसेजकडे हवी, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीकडे नको. हळद, बेदाणा, पीठ, सिमेंट असला माल आसपास असेल तर जाळीला धुता येणारा स्पंज लावा आणि महिन्याला एकदा धुवा. मार्केट यार्डात मी पंधरा दिवस सांगतो, म्हणजे महिन्यानं होतं.

एसी लावणार असाल तर एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॉटची ऊब काढतो, म्हणजे अशा रॅकला तो गरजेपेक्षा फार मोठा. एसीवाल्या खोल्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. संध्याकाळी सहाला शिपाई सवयीनं सगळे एसी बंद करून जातो. खोली घट्ट बंद, यंत्रं चालू. सकाळी येऊन बघावं तर भट्टी. एसी असला तरी पंखा हवाच तो यासाठी.

या उष्णतेचा पहिला बळी यूपीएसची बॅटरी. तिचं सांगितलेलं आयुष्य २५ डिग्रीच्या आसपासच्या हवेत मोजलेलं असतं आणि त्यावर दर दहा डिग्रीला ते साधारण निम्मं होतं. चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत फुगली की लोक कंपनीला शिव्या घालतात.

इन्व्हर्टरची ती मोठी, पाणी घालायची बॅटरी मात्र या खोलीत कधीच नको. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. कोंडलेल्या हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं तर एक ठिणगी पुरते. शिवाय तिची आम्लाची वाफ शेजारच्या यंत्रांचं तांबं खाते. ती बाहेर मोकळ्या हवेत ठेवा.

वीज आणि अर्थिंग

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. पण त्यानं काय केलंय ते तुम्हाला कळलं पाहिजे.

या खोलीला मेन बोर्डापासून वेगळी लाईन हवी. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा खटका), आणि त्यावर दुसरं काहीही नाही. पाण्याची मोटर नाही, ओव्हन नाही. एसी असेल तर त्याची लाईन निराळी. एक्स्टेंशन बोर्डात एक्स्टेंशन बोर्ड घुसवून केलेली आगगाडी दिसली की मी काम थांबवतो, भले मग कुणी "काय होतंय ओ तेवढ्यानं" म्हणू दे. यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नका, कागद तापवताना तो एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस तिथंच मान टाकतो.

आता अर्थिंग. रॅकला हात लावला की मुंग्या येतात, बारीक चिमटा बसल्यासारखं होतं, ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली असेल. लोक त्याला 'थोडा करंट' म्हणतात आणि सोडून देतात. होतं असं की अशा बहुतेक यंत्रांच्या वीजपुरवठ्यात दोन बारीक कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडलेले. नको असलेला विजेचा गोंगाट अर्थमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थ शाबूत असेल तर सगळं जमिनीत जातं. अर्थ तुटलेला असेल तर यंत्राचं अंग त्या दोघांच्या मधोमध लटकतं, म्हणजे २३० चं निम्मं, साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस वाचतो, पण दहा यंत्रं एका रॅकला कसली की चिमटा वाढतो. आणि पोर्ट जळतात ते वेगळंच.

मल्टिमीटर असेल तर सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास यायला हवं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरं माप शंभर-सव्वाशे दाखवत असेल किंवा नुसतं भरकटत असेल तर अर्थ कुठंतरी तुटलाय. ही मापं अर्थिंगचा जमिनीतला खड्डा किती चांगला आहे ते मात्र सांगत नाहीत, त्यासाठी अर्थ टेस्टर लावावा लागतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते आणि खड्ड्यात पुरलेल्या प्लेटपासून सुटते. पावसाळ्यात झकास असणारं अर्थिंग मे मध्ये नावाला उरतं. म्हणून तपासणी मे मध्येच करा, आणि खड्ड्यात पाणी घालायचं काम कुणाच्या तरी नावावर लावून द्या.

आणखी दोन उद्योग चालतात. अर्थची वायर खड्ड्यापर्यंत न्यायचा कंटाळा आला की काही जण सॉकेटच्या मागेच न्यूट्रलला अर्थची पिन जोडून देतात. मल्टिमीटरवर मापं एकदम फर्स्ट क्लास येतात! पण ज्या दिवशी तो न्यूट्रल मागे कुठं सुटेल, त्या दिवशी अख्ख्या रॅकच्या पत्र्यावर पूर्ण फेज येईल. म्हणून न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं, लोड टाकूनही हललं नाही, तर मी सॉकेट खोलून बघतो. दुसरा उद्योग 'नेटवर्कसाठी वेगळं अर्थिंग' हा. वेगळा खड्डा काढायला माझी ना नाही, पण तो इमारतीच्या मूळ अर्थिंगला जाड तांब्यानं जोडलाच पाहिजे. दोन सुटे खड्डे ठेवले आणि जवळपास वीज पडली तर दोघांच्या मधला फरक तुमच्या यंत्रातून वाट काढतो.

वळीव आला की माझा फोन वाजतो तो यामुळेच. एप्रिल-मे मधल्या त्या संध्याकाळच्या कडकडाटात जी यंत्रं जातात, त्यातली बरीच दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढलेल्या तांब्याच्या केबलमुळे जातात. गोडाऊन ते ऑफिस, शाळा ते वसतिगृह, असं कुठंही दोन इमारती जोडायच्या असतील तर फायबरच टाका. काचेतून वीज वाहत नाही. फक्त फायबरच्या आवरणात बऱ्याचदा ताणासाठी स्टीलची तार असते, ती मोकळी आणून रॅकला बांधू नका. एकतर आत शिरण्याआधी कापा, नाहीतर नीट अर्थला जोडा. नाहीतर फायबर टाकूनही फायदा शून्य.

माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळायला लागला की वीज तोडणारा खटका, हवाच. पण बहुतेक यंत्रं त्या कपॅसिटरमधून चिमूटभर करंट अर्थमध्ये सोडतच असतात. वीस यंत्रं आणि बाकीचं ऑफिस एकाच आरसीसीबीवर घातलं की तो रात्री-अपरात्री उगाच पडतो, आणि मग कुणीतरी वैतागून तो काढूनच टाकतं. त्यापेक्षा रॅकच्या लाईनला त्याचा स्वतःचा द्या.

बाकीचं

केबल घेताना वजन बघा. कॅट सिक्स या नेटवर्क केबलच्या नावाखाली वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास विकल्या जातात. पेटी उचलली की हलकी लागते. टोक ब्लेडनं खरवडलं की आत चांदीसारखा पांढरा रंग दिसतो. तिच्यातून नुसतं नेट कदाचित चालेल, पण कॅमेऱ्याची वीज नेताना ती जास्त तापते आणि वाकवली की मोडते. विजेच्या वायरीबरोबर नेटवर्कची वायर एकाच केसिंग पट्टीत घालू नका. दोघी एकमेकींना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

भिंतीवर पाठफळी मारणार असाल तर १९ मिलिमीटरची चांगली प्लाय, आधी वाळवीचं औषध मारून. रॅकसमोर तीन फूट मोकळी जागा. दार बाहेर उघडणारं.

उंदरांसाठी वायरी आत येतात ती भोकं बुजवा. नुसत्या फोमनं नाही, तो उंदीर चघळून फेकतो. तारेची घासणी कोंबून वर सिमेंट. पाल बारीक फटीतूनही येते. उबेला येऊन बसते आणि एक दिवस यूपीएसच्या आत दोन टोकांना एकदम चिकटते. मी काढलेल्या एका कार्डावर तिचा अख्खा सांगाडा उमटलेला होता, शिक्का मारल्यासारखा.

आग विझवायला कार्बन डायऑक्साईडचा सिलेंडर दाराच्या बाहेर लावा. पावडरचा सिलेंडर आग विझवतो, पण ती पावडर यंत्रात शिरली की यंत्रं पुढं हळूहळू जातात. आधी मेन बंद, मग दारातूनच फवारा, आणि लगेच मागे सरायचं. तो वायू लहान खोलीत कोंडला की माणसाचा श्वास कोंडतो. पेव उघडल्यावर हवा खेळेपर्यंत कुणी आत उतरत नाही ना, तसंच इथंही.

सगळं झालं की दोन चाचण्या मी स्वतः घेतो. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर मे मधल्या शनिवार-रविवारी खोलीत ठेवून येतो. आणि एक दिवस कामाच्या वेळेला, मालकाला सांगून, मेनचा एमसीबी खाली पाडतो. किती मिनिटं टिकतं ते घड्याळ लावून बघतो आणि तो आकडा मार्करनं यूपीएसवर लिहितो. पुढच्या वर्षी तोच आकडा निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलायची.

त्या पेढीवर आता रॅक पहिल्या मजल्यावर आहे, गाद्या ठेवायच्या खोलीचा एक कोपरा पार्टिशन घालून घेतला. स्विच तोच जुना. दारावर शेठजींनी स्वतःच्या हातानं कागद लिहून चिकटवलाय, 'आत सामान ठेवू नये'. मागच्या महिन्यात जाळी बघायला गेलो तर त्या कागदाखाली झाडू उभा होता. पण दाराबाहेर होता.